चौकशी

आमच्या गल्लीत मी सकाळी किती वाजता उठते हे निदान चार घरांना माहीत असतं. पुढच्या दाराची कडी साडेपाचला वाजते. थंडीपावसात कधी सहा झाले, तर समोरच्या वहिनी परडीत फुलं काढता काढता कुंपणावरून विचारणारच, "काय काकी, बरं नाही का आज?"

२०१८ साली मी डोंबिवलीचा ब्लॉक बंद केला आणि चिपळूणला, बाजारपेठेच्या मागच्या अंगाला असलेल्या आमच्या जुन्या घरी राहायला आले. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती आणि आमचे हे जाऊन एक वर्ष. मुलगा पुण्याला. "तिथे तुझं आहे कोण?" हा त्याचा पहिला प्रश्न. मलाही तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं. नात्यातली माणसं एव्हाना मुंबईला तरी गेलेली किंवा वर तरी!

सुरुवातीचे सहा महिने या चौकशांचा मला भारी जाच वाटला. काल पांढरी गाडी कोणाची होती? दिवा एवढ्या उशिरापर्यंत का? मुलगा या खेपेला एकटाच आला, सूनबाई नाही? एकदा तर भाजीवालीने पडवळ तोलता तोलता "बाई, पेन्शन किती पडते हो?" असं चारचौघांत विचारलं. डोंबिवलीत सव्वीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. तिथले शेजारी वाईट होते असं मुळीच नाही हं. यांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा मी बेल वाजवल्याबरोबर समोरचे गृहस्थ बनियनवर खाली धावले होते रिक्षा आणायला. ते मी कशी विसरेन? पण बेल मला वाजवावी लागली. इथे बेल वाजवायची सोयच ठेवत नाहीत लोक!

असो. या चौकशीचा दुसरा अर्थ मला कळला तो २२ जुलै २०२१ ला.

त्या आठवड्यात मंगळवारी आषाढी एकादशी, बुधवारी बकरी ईद आणि गुरुवारी पूर. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणला नवं नाही, २६ जुलै २००५ लाही शहर बुडालंच होतं, पण तेव्हा आम्ही डोंबिवलीत होतो. या खेपेला वर कोसळणारा पाऊस आणि खाली दोन दिवसांवर आलेल्या पौर्णिमेची भरती. कोयनेच्या वीजघरांतलं पाणीही वाशिष्ठीलाच येतं, त्याचा त्यात वाटा किती यावर लोक अजून भांडतात. भांडू देत. माझ्या उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हा पहाटेचे पाच वाजले असतील. वीज रात्रीच गेलेली. मी चाचपडत काठी शोधते आहे, तोच मागच्या दारावर धडाधड थापा.

मागच्या दारावर, हे लक्षात घ्या. शेजारच्या घरातली ती दोन मुलं पुढच्या दाराकडे गेलीच नाहीत, कारण काकी मागच्या खोलीत झोपते हे त्यांना ठाऊक होतं. काकीचा उजवा गुडघा वाकत नाही हे ठाऊक होतं, म्हणून येताना खुर्ची घेऊन आली. रक्तदाबाच्या गोळ्या देवाशेजारच्या फडताळात असतात हेसुद्धा धाकट्याला माहीत! कमरेएवढ्या पाण्यातून त्यांनी मला खुर्चीत बसवून त्यांच्या माडीवर नेलं. वाटेत मोठा म्हणाला, "काकी, घट्ट धरा, आणि खाली बघू नका." मी बघितलं. माझी तुळस वृंदावनासकट पाण्याखाली गेली होती.

त्या माडीवर आम्ही एकोणीस माणसं दोन रात्री होतो. सगळीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, म्हणून गच्चीच्या पन्हळीखाली बादल्या लावून पावसाचं पाणी धरलं. भाभींच्या घरी आदल्या दिवशीची ईद, स्वयंपाकाची भांडी तशीच होती. त्यांनी स्टोव्हवर भात टाकला आणि एका कोपऱ्यात मला हळूच सांगितलं, "काकी, तुमचं पातेलं वेगळं हाय. नवं हाय, यात कधी काय केलं नाय." मी म्हटलं, "अहो भाभी, अशा प्रसंगी कसलं वेगळं आणि काय!" तर म्हणाल्या, "प्रसंग हाय म्हणून काय झालं?" मीठभात होता नुसता. मी पोटभर जेवले.

फोन सगळे बंद. तिकडे पुण्यात मुलाचं काय झालं असेल या विचाराने मात्र मला झोप नव्हती. पाणी ओसरल्यावर एक माणूस गल्लीत आला. त्याला आमच्यातलं कोणी ओळखत नव्हतं. कोणा नातेवाइकाला शोधायला आला होता, ते दुसऱ्या आळीत सापडले. परत निघाला, पण निघताना बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याने घरोघर विचारत नंबर लिहून घेतले. "रेंज मिळेल तिथून सगळ्यांना लावतो," म्हणाला. मुलाचा नंबर मला पाठ होता, पण हात इतका थरथरत होता की तोंडाने सांगताना आकडे चुकत होते. त्याने तीनदा वाचून दाखवला. त्या संध्याकाळी मुलाला एका अनोळखी माणसाचा फोन गेला, "तुमच्या आई सुखरूप आहेत, फक्त चष्मा हरवलाय." चष्म्याचं मी त्याला सांगितलंही नव्हतं! मी डोळे बारीक करून पुठ्ठ्याकडे बघत होते त्यावरून त्याने ओळखलं असणार.

मग चिखल. पूर ज्यांनी पाहिला नाही त्यांना वाटतं पाणी गेलं की संपलं. घरात ढोपरभर गाळ, त्याला गटाराचा आणि रॉकेलचा वास, कपाटं फुगून बसलेली, यांच्या वह्या नि माझी चाळीस वर्षांची पुस्तकं म्हणजे नुसता लगदा. आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचीही पुराने तीच दशा केली होती. १८६४ सालचं वाचनालय ते, तिथे माझ्या पुस्तकांचं काय घेऊन बसलात! ठिकठिकाणहून माणसं येत होती. आमच्या गल्लीत गुहागरकडची सातआठ मुलं आली, तोंडाला मास्क, हातात फावडी. माझ्या घरी तिघं दोन दिवस राबली. चहा द्यायला माझ्याकडे कपसुद्धा नव्हता. त्यातल्या एकाने पुस्तकांचा लगदा बाहेर टाकण्याआधी मला विचारलं, "आजी, यातलं काही ठेवायचंय का?" मी नाही म्हटलं. तरी त्याने एक वही वेगळी काढून पायरीवर उन्हात पसरून ठेवली होती. यांच्या हिशेबाची वही. शाई पसरली होती, पण अक्षर यांचंच.

मुलगा पाचव्या दिवशी पोचला. साहजिकच म्हणाला, आता पुण्याला चल. काही आठवडे राहिलेही मी पुण्याला. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. नदी तिथेच आहे, पाऊस दर वर्षी येणार आणि माझं वय काही कमी होत नाही. तो चिडून म्हणालाही, "पुढच्या वेळी ती मुलं घरी नसली तर?" याला माझ्याकडे उत्तर नाही. धाकटा तर आता नोकरीला आखातात गेलाय, थोरला असतो. पण पुण्यात त्याच्या सोसायटीत सकाळी आठपर्यंत माझ्या खोलीचं दार उघडलं नाही, तर दोघंही कामावर जाण्याच्या गडबडीत "आई झोपलीय, झोपू दे" म्हणून निघून जातील. तेही मायेनेच. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. गणपतीला आले ती इथेच राहिले. जून लागला की औषधं, कागदपत्रं नि यांची ती वही एका डब्यात घालून मी भाभींच्या माडीवर नेऊन ठेवते. तेवढं मुलाने कबूल करून घेतलंय.

त्या मुलांपैकी कोणाचं तरी फावडं आमच्या पडवीत राहिलं. दांड्यावर खिळ्याने तीन अक्षरं कोरलीत, झिजून मधलं अक्षर काही लागत नाही. गल्लीत सगळे ते नेतात आणि धुऊन आणून ठेवतात. मीही एसटीत शेजारी कोणी बसलं की कुठले तुम्ही, गुहागरकडचे का, घरात विशीपंचविशीचं कोणी आहे का, २०२१ ला चिपळूणला आलं होतं का, असं सगळं विचारते. परवा एक बाई वैतागून खिडकीकडे वळून बसल्या. शृंगारतळीपर्यंत बोलल्या नाहीत. उतरताना मात्र म्हणाल्या, "आमच्या वाडीतली गेली होती काही पोरं. विचारून ठेवते हो."