१८७०च्या शिरगणतीचं पान घेऊन

कॅन्ससमधलं इंडिपेंडन्स गाव मागे टाकून आम्ही नैर्ऋत्येला निघालो. गाडी भाची चालवत होती आणि माझ्या मांडीवर शिरगणतीच्या एका पानाची प्रत होती: ऑगस्ट १८७०, मॉन्टगोमेरी काउंटी, रटलंड टाउनशिप. त्यात चार्ल्स इंगल्स, त्याची बायको कॅरोलाइन, पाच वर्षांची मेरी आणि तीन वर्षांची लॉरा अशी नावं आहेत. ही लॉरा म्हणजेच पुढे १९३५ साली ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ लिहिणारी लॉरा इंगल्स वाइल्डर. शाळेत असल्यापासून ते पुस्तक माझं आहे. म्हणून ते घर जिथे होतं, ती जमीन मला पायांखाली हवी होती.

गंमत अशी की लॉरालाही ती जागा नीट ठाऊक नव्हती. पुस्तकात घर इंडिपेंडन्सपासून चाळीस मैलांवर आहे, आणि तेवढं अंतर धरलं तर माणूस थेट ओक्लाहोमात पोचतो. जमिनीच्या दफ्तरात शोधावं तर इंगल्सच्या नावे तिथे काहीच नाही. पट्टा मिळण्याआधीच कुटुंब निघून गेलं होतं. १९६०च्या दशकात इंडिपेंडन्सच्याच मार्गारेट क्लेमेंट यांनी हा गुंता सोडवला. शिरगणतीचा माणूस घरोघर फिरत क्रमांक टाकत जातो, म्हणजे कागदावरचे शेजारी जमिनीवरही शेजारीच. त्या शेजाऱ्यांनी पुढे आपापल्या जमिनी नावावर करून घेतल्या होत्या. त्या नकाशावर बसवल्या आणि मधे उरलेल्या तुकड्यावर हाताने खणलेली जुनी विहीर सापडली. गावापासून जेमतेम वीस किलोमीटर!

“मावशी, आपल्या पणजोबांचं घर असं शोधता येईल?” भाचीने विचारलं. शिरगणतीतून नाही येणार. आपल्याकडे १८८१च्या मोजणीत माणसं मोजली, बेरजा छापल्या, पण घराघरांचे कागद जपून ठेवले नाहीत. आपल्याला त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपड्या आणि तालुक्याच्या कचेरीतलं महसुली दफ्तर गाठावं लागेल.

इंगल्सच्या त्या जागेवर आता लाकडी ओंडक्यांची एक खोली उभी आहे. ती १९७७ साली नव्याने बांधलेली आहे, त्यामुळे मी आत फार रेंगाळले नाही. विहिरीपाशी मात्र बराच वेळ थांबले. पलीकडे ज्वारीच्या ताटांएवढं उंच गवत वाऱ्यावर वाकत होतं आणि ओढ्याच्या रेषेवर तेवढी झाडं होती.

त्या पानावर शेजाऱ्यांत जॉर्ज टॅन आहेत: धंदा डॉक्टर, वर्ण काळा. हिवतापाने अख्खं घर आडवं झालेलं असताना औषध देणारे पुस्तकातले डॉक्टर ते हेच. १८७० साली सरहद्दीवर एक कृष्णवर्णीय डॉक्टर गोऱ्या वसाहतवाल्यांना तपासतोय, हे कादंबरीकाराने रचलं असेल असंच कुणालाही वाटलं असतं. इंडिपेंडन्सच्या माउंट होप दफनभूमीत आम्ही त्यांची कबर पाहिली.

पण या पानाचं खरं मोल मला त्यातल्या मोकळ्या रकान्यात वाटतं. जमिनीची किंमत लिहायच्या जागी आकडा नाही. जमीन ओसेज या मूळनिवासी जमातीची आहे, वसाहतवाल्यांचा तिच्यावर हक्क नाही, असं गणना करणाऱ्याने तिथे नोंदवून ठेवलंय. जुलैमध्ये ओसेजांना हलवण्याचा कायदा झाला होता. त्यांची संमती मात्र सप्टेंबरमध्ये, ड्रम क्रीकच्या बैठकीत घेतली गेली. म्हणजे ऑगस्टमध्ये चार्ल्स दुसऱ्याच्या जमिनीवर बसला होता, आणि हे सरकारी माणसाला माहीत होतं. पुस्तकात सैन्य हुसकावणार म्हणून कुटुंब निघतं. प्रत्यक्षात विस्कॉन्सिनचं शेत ज्याला विकलं होतं त्याला पैसे फेडता आले नाहीत, म्हणून ती मंडळी १८७१ मध्ये तिकडे परतली. माझा लॉरावरचा जीव कमी झाला नाही, पण तो रकाना आता डोळ्यांआड करता येत नाही.

कागद पुस्तकाला असा अनेकदा दुरुस्त करतो. मेरीची दृष्टी स्कार्लेट फीवरने गेली असं लॉराने लिहिलं. २०१३ साली डॉक्टरांच्या एका गटाने तिच्या आठवणी, पत्रं आणि १८७९ची मिनेसोटातली स्थानिक वृत्तपत्रं ताडून पाहिली. मेरीच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली होती, डोकं प्रचंड दुखत होतं. त्यावरून तो मेंदू आणि त्याच्या आवरणाला आलेला, बहुधा विषाणूजन्य, दाह असावा असा निष्कर्ष त्यांनी काढला. गावाकडच्या वार्ताहराने कोण आजारी आहे ते चार ओळींत छापलं, म्हणून सव्वाशेहून जास्त वर्षांनी निदान बदललं.

त्या पानावर ओसेजांचं एकही नाव नाही. कर न भरणारे इंडियन मोजायचे नाहीत, असा नियमच होता. म्हणून परत न फिरता आम्ही दक्षिणेला ओक्लाहोमातल्या पॉहस्काला गेलो. कॅन्ससची जमीन विकून आलेल्या पैशातून ओसेजांनी तिथला प्रदेश चेरोकींकडून विकत घेतला. १९०६च्या कायद्यानंतर जमातीची यादी झाली, तीत २,२२९ नावं आहेत. आजही ओसेज घराणी आपला वंश त्या यादीपासून सांगतात. १९३८ साली सुरू झालेल्या त्यांच्या स्वतःच्या संग्रहालयात त्या माणसांची छायाचित्रं लावली आहेत. बंद व्हायच्या वेळेपर्यंत आम्ही दोघी त्याखालची नावं वाचत होतो.