उन्हाची उतरंड

थंडीच्या दिवसांत मुरबेच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत असतात. बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर जोडीजोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. वारा आला की अख्खी रांग शहारते, आणि खारट, उग्र, भूक चाळवणारा वास थेट वाळूपर्यंत उतरतो. ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. ते पाणी ऊन हळूहळू पिऊन टाकतं आणि मागे एक चिवट, पिवळट काडी ठेवतं. गंमत अशी की त्या काडीत जे उरतं तेही ऊनच.

कधीतरी ते खाडीच्या गढूळ तोंडाशी पडलेलं असतं. त्या गढूळपणाला आपण उगाच नावं ठेवतो. त्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ तरंगत असतं, काचेसारख्या कवचात राहणारं, उन्हाची साखर करणारं. शेजारी तिवरांची पानं गळतात, चिखलात कुजतात, आणि त्या कुजण्यावर चिंबोऱ्या, निवट्या पोसल्या जातात. शेवाळ जवळ्याच्या पोटात जातं, जवळा बोंबलाच्या, आणि बोंबील एखाद्या दांडग्या घोळीच्या. सुका जवळा तळहातावर घेऊन बघावा. प्रत्येकाला टाचणीच्या टोकाएवढे दोन काळे डोळे.

मूठभर डोळे आपल्याकडे बघत असतात.

अमेरिकेतल्या मिनेसोटात सीडर बॉग नावाचं एक तळं आहे. रेमंड लिंडेमन या तरुणाने त्या तळ्यात ऊन कसं कुणाकडून कुणाकडे जातं याचा हिशेब मांडला. निबंध १९४२ साली छापून आला, त्याच्या काही महिने आधी तो गेला. सत्ताविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्याच वाटेने पुढे एक ढोबळ नियम रुळला: खाल्लं जाणारं आणि खाणारं यांच्यात दहातला एखादाच भाग वर पोचतो. म्हणजे किलोभर घोळीखाली दहा किलो बोंबील, शंभर किलो जवळा, हजार किलो शेवाळ. आजीच्या माजघरातल्या उतरंडीसारखं, वर जावं तसं मडकं लहान. पण दर्या खोडकर आहे. एखाद्या दिवशी पाणी गाळून वजन केलं, तर कधीकधी तळातलं मडकंच सर्वांत हलकं भरतं! शेवाळ इतक्या झपाट्याने वाढतं आणि इतक्या झपाट्याने खाल्लं जातं की ते साठत नाही, नुसतं वाहतं.

आणि उरलेले नऊ भाग? काही न खाताच तळाशी जातात. बाकीचे उधाणाशी झुंजण्यात, दात चुकवून पळण्यात, अंधाऱ्या पाण्यात नुसतं तरंगत राहण्यात ऊब होऊन विरतात. चिखल परत पान होतो, पान परत चिखल. ऊन मात्र एकदाच येतं. त्याच्या या विरून जाण्याला हिशेबाच्या वहीत नासाडी म्हणतात. मला तो शब्द पटत नाही.

ते जगणं असतं.

मुरबेच्या उत्तरेला तारापूरचं अणुवीज केंद्र आहे, १९६९ पासून वीज करणारं. तिथेही अणूच्या उष्णतेतला जेमतेम तिसरा हिस्सा तारांमधून जातो, बाकी कोमट पाणी होऊन याच समुद्राला मिळतो. बोंबलाने लाजावं असं काही नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये, पावसाळी बंदी उठल्यावर, मुरबेच्या एका बोटीला दीडशेहून अधिक घोळी एकाच खेपेत लागल्या आणि लिलाव १ कोटी ३३ लाखांपर्यंत गेला. पैसा माशाचा कमी, त्याच्या पोटातल्या भोताचा, म्हणजे हवेच्या पिशवीचा, जास्त. परदेशात त्याला सोन्याचा भाव. केवढा दर्या, केवढं ऊन त्या एका बोटीत चढलं असेल, याची बोली कुणी लावली नाही.

घोळ माझ्या ऐपतीची नाही. मी आपला जवळा घेतो. उतरंडीच्या खालच्या मडक्यातला, स्वस्त, भरपूर. कांदा लालसर झाला की वर तो टाकायचा, दोन कोकमं, हिरवी मिरची, आणि भाकरी गरम हवी.