शिल्लक किती?

आमच्या बीड जिल्ह्यात माणसाला दोन शिलकांची काळजी असते. एक खात्यातली आणि दुसरी टाकीतली. पहिली आम्ही बँकवाले काउंटरवर बसल्या जागी सांगतो. दुसरीसाठी गच्चीवर चढावे लागते, आणि चढलेला माणूस झाकण उघडेपर्यंत खालचा चार वेळा ओरडतो, "किती हाय?"

न चढता मोजायची विद्याही आमच्या गल्लीत जुनी आहे. टाकीवर बोटाने वाजवायचे. ‘ठण्ण’ झाले तर रिकामी, ‘थप्प’ झाले तर भरलेली. आमच्या सौभाग्यवतींचा कान यात इतका तयार आहे, की दोन टिचक्यांत त्या "तीन बादल्या आणि पोरांची अंघोळ" असा बिनचूक आकडा देतात.

साखर कारखान्यांत हाच उद्योग मोठ्या मापाने चालतो. एकदा साहेबांबरोबर मालसाठ्याच्या तपासणीला गेलो होतो. मळीची टाकी दोन-तीन मजली उंच. एक कामगार शिडीने वर गेला, टोकाला वजन बांधलेली पोलादी टेप भोकातून खाली सोडली आणि आकडा ओरडून सांगितला. खाली तक्ता असतो, इतकी उंची म्हणजे इतके टन. (मळी लिटरला सुमारे 1.4 किलो भरते, हे मला तिथे कळले.) साहेब मात्र वर चढले नाहीत. त्यांचा कर्जदारावर विश्वास होता, शिडीवर नव्हता.

आता अशा टाक्यांना वरून रडार लावतात किंवा तळाशी दाब मोजणारे यंत्र बसवतात, आणि आकडा थेट कंट्रोल रूममध्ये उमटतो. आवाजाने मोजणारे यंत्र स्वस्त असते, पण मळीवर फेस फार, आणि आवाज फेसातच जिरतो.

घरच्या पाण्याला फेस नाही, म्हणून मी ते स्वस्तातले बसवले. झाकणाला आतून लटकते, आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडते, प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते पाहते आणि मोबाइलवर टक्के कळवते. गंमत अशी की ते पाणी मोजतच नाही. मोजते ती वरची पोकळी. खोलीतून पोकळी वजा केली की उरले ते पाणी. कॉमर्सच्या माणसाला यात नवल नाही. कॅश क्रेडिट खात्यात आम्ही मर्यादेतून उचल वजा करून हेच करतो. पण आमच्या शाखेतले शिपाईमामा म्हणाले, "म्हंजी सायेब, हे डबडं नसलेलं मोजतंय. ते तर आमाला तोंडपाठ हाय!"

आणखी एक खोड. आवाज 20 अंशांच्या हवेत सेकंदाला 343 मीटर जातो, 42 अंशांत सुमारे 356. प्रतिध्वनी लवकर परततो, आणि तापमान न कळणाऱ्या यंत्राला वाटते पाणी जवळ आले. मीटरभर पोकळीमागे साडेतीन सेंटिमीटर पाणी फुकटचे! तेही ऐन मे महिन्यात. चांगल्या यंत्रात यासाठी तापमापी असतो. सरकारी आकडेवारीतही एक बसवायला हरकत नाही.

शून्य कुठे धरायचे, हा तर वेगळाच घोळ. उन्हाळ्यात पेपरात येते, ‘माजलगाव धरण उणे’. खाते उणे झाले की आमच्याकडे नोटीस निघते. पण धरण उणे म्हणजे आत पाणी आहे. माजलगावची एकूण क्षमता 454 दशलक्ष घनमीटर. त्यातले तळचे 142 मृतसाठा, आणि शून्य टक्के मोजायला सुरुवात त्याच्या वर. कालव्याला ते मिळत नाही, उपसावे लागते. बीड शहर याच धरणाचे पाणी पिते, तेव्हा ओव्हरड्राफ्टवर जगणे आम्हाला नवीन नाही. धनेगावच्या मांजरा धरणाने तर 2016 मध्ये तळ दाखवला, आणि त्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. दर डब्यात सुमारे 50 हजार लिटर. तेवढे मोजायला कुणाला यंत्र लागले नाही.

परवा दुपारी ऐन गर्दीत घरून फोन आला.

"अहो, तुमच्या मोबाइलात किती दाखवतंय?"

"आठ टक्के."

"इथं नळ कोरडा आहे."

मी समजावले, नळाची तोटी तळापासून चार बोटे वर आहे, तिच्या खालचे पाणी आपोआप येत नाही, याला मृतसाठा म्हणतात, माजलगावलाही असेच असते.

"बरं," पलीकडून आवाज आला, "मग संध्याकाळी चहा मृतसाठ्याचाच मिळेल. येताना दूध तेवढं आणा."