नाक्यावरची पेटी

बाबा नगरपालिकेत जकात कारकून होते. आमचं गाव 'ब' वर्गातलं, म्हणजे वस्ती ४० हजार ते १ लाखाच्या मधली. गावात शिरताना नाका लागायचा: पत्र्याची खोली, रस्त्यावर आडवा बांबू. ट्रक थांबला की बाबा बिल्टी बघायचे, पावती फाडायचे, पैसे पेटीत टाकायचे. सकाळी ती पेटी नगरपालिकेत मोजली जायची. "दिवाळीआधी मालाची रांग लागली की पगाराची चिंता नसायची," असं ते अजून सांगतात.

राज्यातल्या नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं. नाक्यावर ट्रक तासन् तास अडायचे, आणि चिरीमिरी चालायची हे बाबाही नाकारत नाहीत. पण रोज येणारा पैसा थांबला आणि त्याच्या जागी सरकारचं अनुदान आलं. पेटी आपल्या हातात होती. अनुदानाची वाट बघावी लागते.

मागच्या वर्षी बाबांची पेन्शन दोन महिने रखडली. मी त्यांच्याबरोबर ऑफिसात गेलो. लेखा विभागातला कारकून त्यांच्या हाताखाली शिकलेला. त्याने खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाला, "काका, अनुदान आलं नाही हो." बाबांनी मान डोलावली. रस्त्याने येताना मीच तडतडत होतो. पाणी दिवसाआड, गटारं तुंबलेली, आणि वर म्हाताऱ्या माणसांचे पैसे अडवायचे!

बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपली घरपट्टी भरलीस का?"

तीन वर्षं भरली नव्हती. सुविधा नाहीत तर पैसे कशाला, हा माझा युक्तिवाद. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला २४, हेही मला तेव्हाच कळलं.

त्या रात्री बाबांनी मला हिशेब समजावला. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला. उरलेला ४० टक्के मोकळा म्हणायचा, पण त्यातूनही पगार करता येत नाहीत. योजनेतून टाकी उभी राहते. टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाचं वीजबिल मात्र दर महिन्याला गावालाच भरावं लागतं. ते घरपट्टी-पाणीपट्टीतून. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने व्हायला हवी, पण ती वाढवून मतं कोण गमावणार? "उद्घाटनाला पैसा मिळतो रे," बाबा म्हणाले, "दुरुस्तीला मिळत नाही."

"पण भरणारा तरी किती दिवस विश्वासावर भरणार?" मी विचारलं. त्यावर ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शास्तीसकट सगळी थकबाकी भरली. बाबांनी पावती चष्मा लावून वाचली: नंबर, तारीख, रक्कम, सही. मग घडी घालून फायलीत ठेवली.

पेन्शन तीन आठवड्यांनी जमा झाली. मी घरपट्टी भरली म्हणून नव्हे. अनुदान आलं म्हणून. आमच्या गल्लीतलं गटार अजून तुंबलेलंच आहे. फरक एवढाच, की आता त्याची तक्रार लिहायला बसलो की बाबा फायलीतून ती पावती काढून माझ्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, "नंबर टाक तिचा."