बॉनेटखालचे दोन रबर



मोटारीचे बॉनेट उघडले की पुढच्या दोन कोपऱ्यांना, ज्या पत्र्यावर ते येऊन टेकते तिथे, बोटभर जाडीचे दोन रबर दिसतात. तुमच्या दारात जुनी मोटार उभी असेल तर उद्या सकाळी एवढे बघा. रबर जागेवर आहेत का? असले तर दाबले जातात का, की खारकेसारखे वाळून टणक झाले आहेत? ही चौकशी मी का करतो ते सांगतो.

आमच्या अंगणात लिंबाखाली एक पांढरी अँबॅसिडर आहे. वडिलांनी ती जुनीच घेतली होती. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर बेतलेली ही गाडी बंगालात उत्तरपाड्याला तयार होई. २०१४ च्या मे महिन्यात ते काम थांबले. आता वडील नाहीत, पण गाडी आहे. डाळिंबाच्या हंगामात चार क्रेट टाकून बाजार गाठायला आणि एरवी आईला पंढरपूरला न्यायला ती अजून उपयोगी पडते.

दोन वर्षांपूर्वी तिचे बॉनेट खडखडू लागले. बघतो तर एक रबर कधीच गळून पडलेला आणि दुसरा चुरा झालेला. मी म्हटले, एवढ्याशा कामाला तालुक्याला कोण जातो? ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचे दोन तुकडे कापले, भोके पाडली, बोल्ट आवळले. बॉनेट आपटले, टक् असा आवाज आला, खडखड बंद. घरात मी माझीच पाठ थोपटून घेतली.

पुढच्याच आठवड्यात आई आणि धाकटी नात यांना घेऊन सांगोल्याहून निघालो. आईच्या डोळ्यांची तपासणी होती. रस्ता मोकळा होता, म्हणून जरा वेग दिला. समोरून एक मालट्रक भर्रकन गेला, त्याचा वारा बसला आणि बॉनेट पुढून उचकटून धाडकन काचेवर आले. काचेला तडा गेला. समोर रस्ता नाही, आकाश नाही, नुसता पांढरा पत्रा!

"आरं, गाडीनं तोंड उघाडलं की रं!" आई मागून ओरडली. नात रडायला लागली. देवाची कृपा म्हणा, मी चाक वळवले नाही आणि ब्रेकही एकदम दाबला नाही. मान खाली घालून बॉनेटच्या बिजागऱ्यांजवळ जी फट राहते तिच्यातून रस्त्याची कड तेवढी दिसत होती. तिच्या आधाराने हळूहळू गाडी बाजूला घेतली. खाली उतरलो तर वीसेक पावलांवर उसाची ट्रॉली उभी. पंक्चर झालेली, मागे ना दिवा ना फडके. मी काही वेळ नुसता धुऱ्यावर बसून राहिलो.

चूक माझीच होती. बॉनेट म्हणजे रुंद, पातळ पत्रा. मागे दोन बिजागऱ्या आणि पुढे मधोमध एक लॉक, एवढ्यावर तो धरलेला असतो. कोपरे अधांतरी. रबर खालून वर रेटतो, लॉक वरून खाली ओढते आणि या ओढाताणीत बॉनेट घट्ट बसते. रबर बुटका असला तर कोपरे फडफडतात, मडगार्डचा रंग उडतो, लॉकची खुंटी झिजते. फार उंच असला तर खुंटी पुरती आत उतरतच नाही. माझे तसेच झाले होते. टक् आवाज आला तो खुंटीचे नुसते टोक अडकल्याचा. त्यातून दुसरा आळस असा, की लॉक सुटले तरी बॉनेट अडवून धरणारा जो आकडा असतो, तो गंजून एका अंगाला चिकटला होता. तो मी कधी हलवूनही बघितला नव्हता.

तालुक्याच्या गावी एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी माझे टायरचे तुकडे हातात घेतले आणि काही न बोलता कचऱ्यात टाकले. टायरमध्ये दोऱ्यांचे थर असतात, ते दबत नाहीत. सायकलची ट्यूब दुमडून लावावी तर ती आठवड्यात बसते. त्यांनी दुकानातून रबरी डोक्याचे, आट्यांचे दोन बोल्ट आणवले. गाडी दुसरी असली तरी चालते म्हणाले, आटे मात्र जुळले पाहिजेत.

मग कामाचा क्रम बघा, कारण सगळी मेख तिथे आहे. आधी बिजागऱ्यांचे बोल्ट सैल करून बॉनेट असे सरकवले की दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या झाल्या. मग दोन्ही रबर पार खाली उतरवले, म्हणजे त्यांची लुडबुड नको. नंतर लॉकची खुंटी कमीजास्त करून पुढची कड समोरच्या पत्र्याशी जुळवली. आणि सगळ्यात शेवटी रबर, अर्धा अर्धा फेरा वर. दर वेळी बॉनेट लावायचे, तळहाताने कोपरा दाबायचा, उघडायचे, पुन्हा अर्धा फेरा. टेकते की नाही हे कळायला ते रबरावर कागदाची पट्टी ठेवत. बॉनेट लावल्यावर पट्टी ओढताना हाताला ओढ लागली पाहिजे, पण फाटता कामा नये. आमच्या घरी मंडळींनी याहून सोपी युक्ती काढली. रबराच्या डोक्याला कुंकवाचे बोट लावायचे आणि बॉनेटच्या आतल्या अंगाला टिळा पूर्ण उमटतो का ते बघायचे!

दोन्ही रबर सारख्याच उंचीवर येतील अशी आशा धरू नका. आमचा डावा उजव्यापेक्षा दोन फेरे उंच आहे, कारण त्या कोपऱ्याचा पोचा कधीतरी ठोकून काढलेला. बाजेचा एक पाय तोकडा असला की आपण खाली चीप सारतो, तसेच हे. उंची जमली की एका पान्याने बोल्ट धरून दुसऱ्याने चेकनट आवळायचा. नाही तर आवळताना बोल्टच फिरतो आणि केलेले वाया जाते. नवा रबर थोडा बसतो, म्हणून आठ-दहा मैल फिरवून पुन्हा बघावे. रबराला तेल किंवा ग्रीस लावू नका, तो फुगून मऊ पडतो. साबणाच्या पाण्याने पुसला की झाले.

आकडाही त्यांनी रॉकेलने सोडवला, नवी स्प्रिंग घातली. लॉक उघडून, नुसत्या आकड्यावर बॉनेट वर ओढून बघायला मला लावले. मिस्त्रींनी मजुरी घेतली दोनशे रुपये. काचेचे किती गेले ते विचारू नका.

आई अजूनही मागेच बसते. पण बसण्याआधी पुढे येते, काठी बगलेत धरते, दोन्ही हातांनी बॉनेटचे दोन्ही कोपरे दाबून बघते आणि मगच दार उघड म्हणते.