चाळिशी

वहीतले 'घ' आणि 'ध' सारखेच दिसू लागले, तेव्हा मुकाट्याने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. चाळिशी नाकावर चढली आणि वाचायला पहिले पुस्तक हाती आले ते अनायरिन बेव्हनचे चरित्र. चष्म्यापायी मंत्रिपद सोडणारा हाच तो गृहस्थ!

बेव्हन वेल्समधल्या ट्रेडेगरचा, खाणकामगाराचा मुलगा. जन्म १८९७ सालचा. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोर कोळशाच्या खाणीत उतरले. त्यात बोलताना अडखळे. (असल्या मुलाला आम्ही मास्तर वाचायला उठवतच नाही, आणि त्यालाच दया समजतो.) हा गडी टेकड्यांवर जाऊन मोठ्याने कविता म्हणे, जो शब्द अडे त्याला दुसरा शब्द हुडकून ठेवी. १९२९ साली तो पार्लमेंटात गेला, तो पुढे चर्चिललाही भर सभागृहात सुनावू लागला.

वडील १९२५ साली त्याच्या हातांवर गेले. फुफ्फुसांत कोळशाची धूळ साठली होती. पण तो रोग भरपाईच्या कायद्यात बसत नव्हता.

१९४५ साली तो आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ पासून डॉक्टर, इस्पितळ, औषध, कवळी, चष्मा, सारे विनामूल्य झाले. चष्म्यांसाठी तर झुंबड उडाली. तोवर गरीब माणसे दुकानात मांडलेले चष्मे एकेक लावून बघत. अक्षर दिसले की तो आपला.

आमच्या आजीनेही आठवड्याच्या बाजारातून असाच चष्मा आणला होता. एक काडी तुटलेली, तिथे दोरा. तो लावून ती पोथी वाची आणि मी तिच्या ध्यानाला हसे.

१९५१ साली कोरियाच्या युद्धामुळे शस्त्रांचा खर्च वाढला. अर्थमंत्री गेट्स्केल यांनी कवळ्या-चष्म्यांची निम्मी किंमत रोग्यावर टाकली. वाचणार होते त्या वर्षी १ कोटी ३० लाख पौंड; शस्त्रांचा तीन वर्षांचा आराखडा ४७० कोटींचा! बेव्हन तेव्हा मजूरमंत्री होता. एप्रिलमध्ये त्याने राजीनामा दिला. हट्टी खराच, औषधाच्या चिठ्ठीवर आकार घेण्याची तरतूद १९४९ साली त्याच्याच कारकिर्दीत झाली होती, हेही विरोधकांनी ऐकवले. ऑक्टोबरात पक्ष हरला. १९६० साली तो वारला, तोवर पुन्हा मंत्री झाला नाही.

परवा दिवाळीच्या साफसफाईत आजीचा चष्मा फडताळात सापडला. वर्तमानपत्रावर धरून पाहिला. अक्षर तसूभरही मोठे झाले नाही; काचा साध्याच होत्या.

पोथी तिला पाठ होती.