एका पंगतीला

चंडीगढला बदली झाली आणि संध्याकाळी रिकामं घर खायला उठायचं, म्हणून फ्रेंचच्या वर्गात नाव घातलं. 1951 साली ल कॉर्बुझिएने ज्या शहराचा आराखडा हाती घेतला, तिथे फ्रेंच शिकण्यात वावगं काहीच नव्हतं.

एके दिवशी बाईंनी फळ्यावर 'कोपँ' लिहिलं. म्हणजे दोस्त. लॅटिनमध्ये 'कुम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे भाकर. त्यांच्यापासून उत्तरकाळच्या लॅटिनमध्ये 'कोम्पानियो' झाला आणि त्याचाच पुढे फ्रेंचमध्ये 'कोपँ'. सोबत बसून भाकर खातो, तो दोस्त.

मला पाव आठवला. याच 'पानिस'चं पोर्तुगीज रूप गोव्यामार्गे आमच्या सावंतवाडीत 'पाव' होऊन आलं होतं. पण आजी त्याला स्वयंपाकघरात येऊ देत नसे. फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला आणि अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट तिने आम्हाला शंभरदा सांगितलेली.

पाववाल्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्याच्या डब्यातला पाव मी रोज खायचो. घरी कधी बोललो नाही. माझ्या मुंजीला तो आला, तेव्हा त्याचं पान पडवीत वेगळं मांडलं. मी पंगतीतून पाहत होतो. उठलो नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याने माझ्याकडे पाठ करून डबा उघडला.

ज्या भाकरीने एका भाषेत दोस्त होतो, तिनेच दुसऱ्या भाषेत माणूस बाटतो.

गेल्या रविवारी वर्गातला एक सरदार मित्र मला चौतीस सेक्टरच्या गुरुद्वारात लंगरला घेऊन गेला. "पंगत विच बैठो जी," तो म्हणाला. मी चमकलो. शब्द आमचाच, 'पंक्ती'वरून आलेला. आमच्याकडे त्या पंक्तीचा पंक्तिभेद झाला. इथे पंगत म्हणजे सगळ्यांनी एका रांगेत, जमिनीवर बसणं. दोन्ही हात पुढे केले की 'परशादा' मिळतो. लंगरातल्या पोळीला हाच शब्द. माझ्या शेजारी कोण बसलं होतं, मी विचारलं नाही. त्यानेही नाही.

चाळीस वर्षांत मी त्या मुलाची कधी चौकशी केली नव्हती. त्या रात्री सावंतवाडीला भावाला फोन लावला आणि विचारलं, "पाववाल्याचा धाकटा आता कुठे असतो रे?"